परवानगी देणाऱ्याच्या हाती बिल नको

अमेरिकेत आपल्याकडच्या अकरावी-बारावीच्या वयाची लाखो मुले दरवर्षी शाळेत असतानाच कॉलेजचा एखादा विषय पूर्ण करतात. त्या विषयाचे क्रेडिट शाळेच्या नोंदीत धरले जाते आणि कॉलेजच्या नोंदीतही कायमचे जमा होते. पुढे पदवीला प्रवेश घेतला की तेवढा अभ्यास आणि तेवढी फी वाचते. तिथे या सोयीला ‘ड्युअल एनरोलमेंट’ म्हणतात. 1985 मध्ये रूडी पर्पिच गव्हर्नर असताना मिनेसोटाने ती राज्यभर कायद्याने सुरू केली आणि पुढे एकेक राज्य त्या वाटेने गेले. कोलंबिया विद्यापीठातल्या कम्युनिटी कॉलेज संशोधन केंद्राच्या हिशेबाने 2022-23 मध्ये असे विषय घेणारी मुले 25 लाखांच्या घरात पोहोचली होती. सरकारी शाळेतल्या मुलाची फी अनेक राज्यांत सरकार किंवा शाळांचा जिल्हा भरतो. खासगी शाळेतल्या मुलाची फी कोणी भरायची, यावर मात्र राज्याराज्यांत वेगवेगळी उत्तरे दिली गेली आहेत आणि वादही बराच झाला आहे. माझे मत असे की ती राज्याने भरावी, आणि शाळेला मध्ये न घेता थेट कॉलेजला भरावी. या मताचा आधार एका राज्याच्या अनुभवात आहे, म्हणून आधी तो अनुभव नीट पाहू.

फ्लोरिडाच्या कायद्यात ड्युअल एनरोलमेंटच्या विद्यार्थ्याला नोंदणी, शिक्षण आणि प्रयोगशाळा शुल्क माफ आहे. मूल कोणत्याही शाळेचे असो, कॉलेजने त्याच्याकडून ही फी घ्यायची नाही. खासगी शाळेला त्यासाठी कॉलेजशी करार करावा लागतो. 2013 पूर्वी त्या करारात शाळा कॉलेजला फी देणार की नाही, एवढे नमूद करणे पुरेसे होते. बरीच कॉलेजे स्वतःच हा भार सोसत. 2013 मध्ये विधिमंडळाने कायदा बदलला. सरकारी शाळांच्या जिल्ह्यांनी कॉलेजच्या आवारात शिकणाऱ्या आपल्या मुलांसाठी प्रत्येक क्रेडिट-तासाला 71.98 डॉलर मोजायचे, असे ठरले. खासगी शाळांच्या करारातला ‘देणार की नाही’ हा पर्यायही गेला आणि त्या जागी ‘देणार’ हे बंधन आले. कॉलेजांवरचा भार कमी करणे हा हेतू होता आणि तो गैर म्हणता येणार नाही. फुकट शिकवून कॉलेजचा हिशेब जुळत नाही, हे खरेच होते.

त्या बदलाचा अर्थ एका शाळेच्या वहीत कसा उतरतो ते पाहा. पहिल्या वर्षाचा इंग्रजी लेखनाचा विषय, फ्लोरिडातल्या क्रमांकानुसार ईएनसी 1101, तीन क्रेडिटचा असतो. एका मुलाने तो घेतला की शाळेच्या नावावर 215.94 डॉलरचे बिल येते. दहा मुलांनी वर्षभरात चार-चार विषय घेतले, तर आकडा 8,637.60 डॉलर होतो. मोठ्या, श्रीमंत शाळेला हे जड नाही, पण अमेरिकेतल्या खासगी शाळा म्हणजे फक्त श्रीमंतांच्या शाळा नव्हेत. त्यातली बहुसंख्य मुले धार्मिक संस्थांनी चालवलेल्या शाळांत असतात आणि अशा कितीतरी शाळांचा पट लहान असतो. तिथे साडेआठ हजार डॉलर म्हणजे एखाद्या अर्धवेळ शिक्षकाच्या पगाराचा मोठा हिस्सा. विद्यार्थ्याला फी माफ असल्याचे कायदाच सांगत असल्यामुळे शाळेपुढे दोनच मार्ग उरले. एक, हा खर्च सगळ्यांच्या फीमध्ये मिसळायचा. दोन, मुले पाठवणे कमी करायचे. खासगी शाळांतून कॉलेजात येणाऱ्या मुलांची संख्या पुढच्या काही वर्षांत झपाट्याने घसरली, यावरून बहुतेकांनी कोणता मार्ग धरला ते कळते. आईवडिलांनी घरीच शिकवलेल्या मुलांच्या करारात मात्र अशी अट नव्हती, कारण त्यांच्यामागे बिल पाठवावे अशी शाळाच नव्हती. त्यामुळे एकाच गल्लीतल्या, सारख्याच गुणांच्या दोन मुलांपैकी घरी शिकणारे मूल त्या वर्गात विनाखर्च बसू शके आणि शाळेत जाणाऱ्याला मुख्याध्यापकांच्या अंदाजपत्रकाकडे बघावे लागे.

या सगळ्या कथेत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती इथली यंत्रणा. कॉलेजचा विषय घ्यायचा तर फ्लोरिडात शाळेतली सरासरी किमान 3.0 असावी लागते आणि प्रवेशचाचणीत पात्र ठरावे लागते. पण या अटी पूर्ण केल्यावरही मुलाचा रस्ता शाळेतूनच जातो. करार शाळेचा आणि अर्जावरची संमतीही शाळेची. वेळापत्रकात जागाही शाळाच काढून देते. या सोयीची माहिती घरी पोहोचवायची की नाही, हेही बरेचसे शाळेच्याच मनावर असते. जो दार उघडतो त्याच्याच हाती दार उघडण्याचे बिल ठेवले, तर तो दार कमी वेळा उघडणार. यासाठी त्याने दुष्ट असण्याची गरज नाही, अंदाजपत्रक सांभाळण्याची जबाबदारी त्याच्यावर असली की पुरे. सरकारी शाळांनाही हेच लागू पडते. ओहायोत ‘कॉलेज क्रेडिट प्लस’ योजनेत सरकारी शाळेतल्या मुलाची फी त्या जिल्ह्याच्या राज्य-अनुदानातून कापली जाते. मूल कॉलेजात गेले की जिल्ह्याचे पैसे कमी होतात, आणि त्याच जिल्ह्याच्या समुपदेशकाने मुलाला या सोयीची माहिती द्यावी, अशीही कायद्याची अपेक्षा असते. माणसाच्या सद्‌भावनेवर एवढा भार टाकून कोणतीही योजना फार काळ नीट चालत नाही.

फ्लोरिडाने आठ वर्षांनी चूक दुरुस्त केली. 2021 मध्ये सिनेट बिल 52 मंजूर झाले आणि ड्युअल एनरोलमेंट शिष्यवृत्ती योजना सुरू झाली. खासगी शाळेतल्या आणि घरी शिकणाऱ्या मुलांनी घेतलेल्या विषयांची फी आणि पुस्तकांचा खर्च राज्य तेव्हापासून थेट कॉलेजला देऊ लागले. नावात शिष्यवृत्ती असली तरी रक्कम मुलाच्या किंवा शाळेच्या हाती येतच नाही. मला ही रचना पटते ती याच कारणाने. राज्याचा पैसा खासगी शाळेकडे वळतो, असा आक्षेप इथे घेतला जातो. पण पैशाचा मार्ग तपासला तर तो राज्याच्या तिजोरीतून निघून प्रामुख्याने राज्याच्याच कॉलेजात पोहोचतो. शाळेला यातून एक डॉलरही मिळत नाही. मिळतो तो विद्यार्थ्याला, क्रेडिटच्या रूपाने.

विद्यार्थ्याला राज्याने हे द्यावे का, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेने फार पूर्वीच दिलेले आहे. 1944 च्या जी.आय. बिलाने परतलेल्या सैनिकांना कॉलेजची फी दिली, तेव्हा कोण कुठल्या शाळेत शिकला होता हे कोणी विचारले नाही. गरजू विद्यार्थ्यांना मिळणारे पेल अनुदान घरच्या उत्पन्नाकडे बघते, शाळेच्या पाटीकडे बघत नाही. फ्लोरिडाचीच 1997 पासूनची ‘ब्राइट फ्यूचर्स’ शिष्यवृत्ती खासगी शाळेतून उत्तीर्ण झालेल्यांनाही मिळते. म्हणजे खासगी शाळेतल्या मुलीने मे महिन्यात बारावी संपवली की ऑगस्टमध्ये तेच राज्य तिच्या कॉलेजच्या फीला आनंदाने हातभार लावते. त्याच मुलीने तोच विषय त्याच प्राध्यापकाकडे एक वर्ष आधी घेतला, तर मात्र ती खासगी शाळेची म्हणून तिचा भार शाळेने उचलावा, असे 2013 चा कायदा म्हणत होता. सार्वजनिक पैसा कशासाठी, याचे कोणतेही तत्त्व मला या दोन उत्तरांना एकत्र बांधताना दिसत नाही. राज्य विकत घेते आहे ती कॉलेजच्या एका विषयाची शिकवणी. विद्यार्थिनी पात्र असेल तर ती त्या दिवशी दुपारी कोणत्या शाळेत परत जाते, याने त्या शिकवणीची किंमतही बदलत नाही आणि समाजाला होणारा उपयोगही बदलत नाही.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की खासगी शाळेतली मुले तशीही कॉलेजात जाणारच असतात. राज्याने मर्यादित पैसा त्यांच्यावर का घालवावा? हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा, कारण पुरावाही काही अंशी त्याच्या बाजूने आहे. अमेरिकी शिक्षण खात्याच्या ‘व्हॉट वर्क्स क्लिअरिंगहाउस’ने 2017 मध्ये उपलब्ध अभ्यास तपासले आणि ड्युअल एनरोलमेंटमुळे कॉलेजप्रवेश आणि पदवीपूर्ती वाढते, असा निष्कर्ष काढला. पण हे अभ्यास मुख्यतः सरकारी शाळांतल्या मुलांवरचे आहेत. खासगी शाळेतल्या मुलांना तेवढाच लाभ होतो, असे त्यातून म्हणता येत नाही आणि मी म्हणतही नाही. सरकारी शाळांमध्येसुद्धा या सोयीचा फायदा कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांना त्यांच्या पटसंख्येच्या मानाने कमी मिळतो, हे कोलंबियाच्या केंद्राने वारंवार दाखवले आहे. पण ‘खासगी’ या एका शब्दाने मुलाची आर्थिक स्थिती कळत नाही. फ्लोरिडात वर्षाला तीस-चाळीस हजार डॉलर घेणाऱ्या शाळा आहेत आणि चर्चच्या आवारात भरणाऱ्याही आहेत. शिवाय सधन शाळेला या सोयीची गरजच कमी असते. तिच्याकडे अॅडव्हान्स्ड प्लेसमेंटचे, म्हणजे शाळेतच शिकवल्या जाणाऱ्या कॉलेजच्या पातळीचे, डझनावारी विषय आणि ते शिकवणारे शिक्षक असतात. बारावीत दहाच मुले असलेली शाळा कॅल्क्युलसचा स्वतंत्र वर्ग चालवू शकत नाही. तिथल्या मुलासाठी जवळचे कम्युनिटी कॉलेज हाच तो वर्ग असतो. म्हणून शाळेला बिल लावण्याचा नियम नेमक्या चुकीच्या जागी बोचतो. श्रीमंत शाळा ते भरते किंवा तिला त्याची गरजच पडत नाही, आणि लहान शाळेतले गरजू मूल मागे राहते. श्रीमंतांना सवलत नको असेल तर त्याचा सरळ उपाय उत्पन्नाची अट हा आहे. शाळेचा प्रकार हा उत्पन्नाचा अंदाज बांधायचा फार ढोबळ मार्ग झाला.

दुसरा आक्षेप मला अधिक अडचणीचा वाटतो. सरकारी जिल्हा आपल्या मुलांसाठी स्वतःच्या पैशातून 71.98 डॉलरचा दर मोजत असताना खासगी शाळेला मोकळे सोडणे हा अन्याय नाही का? 2021 मध्ये याला उत्तर होते: जिल्ह्याला त्या मुलामागे राज्याचे अनुदान मिळते, खासगी शाळेला मिळत नाही. पण 2023 मध्ये फ्लोरिडाने खासगी शाळेच्या फीसाठीची सरकारी शिष्यवृत्ती उत्पन्नाची अट काढून सर्वांना खुली केली. आता खासगी शाळेतल्या पुष्कळ मुलांमागे राज्याची मोठी रक्कम आधीच जाते आहे, आणि जुने उत्तर त्यांच्यापुरते लंगडे पडले आहे. माझ्या मते ज्या मुलाची शाळेची फी राज्य भरते, त्याच्या कॉलेजच्या विषयाचा खर्च राज्याने त्याच खात्यात उघडपणे धरावा. एका मुलावर एकूण किती खर्च झाला, हे करदात्याला दिसले पाहिजे. मात्र ही वजावट राज्याने वरच्या वर करावी, शाळेच्या हाती बिल देऊन नव्हे. आणि सरकारी जिल्ह्यांवरचा भार खुपत असेल, तर तोही राज्यानेच उचलावा. जिल्ह्यांवर अन्याय होतो म्हणून खासगी शाळेतल्या मुलांवरही तो करायचा, याने एकाही सरकारी शाळेतल्या मुलाला जागा मिळणार नाही.

धर्माचा प्रश्न इथे थोडक्यात आटोपता येतो. मूल धार्मिक शाळेतून येते, पण शिकते ते सार्वजनिक कॉलेजातला इंग्रजीचा किंवा गणिताचा विषय. यात राज्याने धर्माला पैसा दिला, असे म्हणायला फारशी जागा नाही. गुंता होतो तो कॉलेजच धार्मिक असेल तेव्हा. प्रवेशासाठी श्रद्धेचे निवेदन मागणाऱ्या कॉलेजांना मिनेसोटाने 2023 मध्ये आपल्या योजनेतून वगळले, त्यावर खटला झाला आणि ऑगस्ट 2025 मध्ये फेडरल जिल्हा न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. हा वाद महत्त्वाचा आहे, पण तो पैसा कुठे जातो याचा आहे, मूल कुठून येते याचा नाही.

राहिला खर्च. जॉर्जियाने सरकारी, खासगी आणि घरी शिकणाऱ्या सर्व मुलांना एकाच छत्राखाली आणले, आणि काही वर्षांतच योजनेचा वार्षिक खर्च दहा कोटी डॉलरच्या आसपास गेला. 2020 मध्ये तिथे राज्याच्या पैशातून घेता येणाऱ्या क्रेडिटवर 30 तासांची मर्यादा घालण्यात आली. मला ही मर्यादा वाजवी वाटते. 30 क्रेडिट म्हणजे पदवीचे जवळपास एक वर्ष. सोळा वर्षांच्या मुलाने त्याहून पुढे धावण्यात त्याचे हित असतेच असे नाही, कारण त्या वयात कॉलेजात मिळालेली नापास श्रेणीही पदवीच्या नोंदीत कायम राहते. पण खर्च रोखण्याची दुसरी एक पद्धत आहे, तिला माझा विरोध आहे. ओहायोत खासगी शाळांतल्या आणि घरी शिकणाऱ्या मुलांसाठी ठरावीक रक्कम वेगळी काढली जाते. कुटुंबाला त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो आणि मागितले त्याहून कमी क्रेडिट-तास पदरात पडू शकतात. फ्लोरिडाची योजनाही वार्षिक तरतुदीवर अवलंबून आहे. मागणी तरतुदीपेक्षा जास्त झाली तर कॉलेजांना मिळणारी परतफेड त्या प्रमाणात कमी होते. ही कपात दिसायला समान आहे, पण तिचा परिणाम 2013 च्या दिशेने नेणारा आहे. परतफेड अपुरी पडू लागली की कॉलेज या मुलांसाठीच्या जागा कमी करू लागेल. म्हणजे बिल पुन्हा दार उघडणाऱ्याच्या हाती. फरक इतकाच की आधी तो दारवान शाळा होती, आता कॉलेज.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 12 नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या इयत्तेत 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि सरकारने त्यांच्या खर्चाची प्रतिपूर्ती शाळेला करायची. प्रतिपूर्ती थकते, शाळा संस्थाचालकांच्या संघटनांमार्फत निवेदने देतात, आणि दरवर्षी प्रवेशाच्या हंगामात त्याचा चटका बसतो तो लॉटरीत नंबर लागलेल्या मुलाच्या आईवडिलांना. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने नियम बदलून सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना या जबाबदारीतून वगळले. जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. दोन्ही देशांतले कायदे वेगळे आहेत आणि मुलांची वयेही वेगळी, पण अडते ते एकाच ठिकाणी. आधी संस्थेने खर्च करायचा आणि मग सरकारच्या परतफेडीची वाट बघायची, अशी रचना केली की संस्थेला ते मूल ओझे वाटू लागते. याउलट राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती घरचे उत्पन्न विचारते. विद्यार्थी अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयातून आला की विनाअनुदानित, हा त्या योजनेचा प्रश्नच नाही.

हा विषय आपल्याही दारात येऊन ठेपला आहे. एप्रिल 2023 मध्ये जाहीर झालेला राष्ट्रीय क्रेडिट आराखडा शालेय शिक्षणापासून पीएच.डी.पर्यंत सगळे शिक्षण एकाच क्रेडिटच्या मापात आणू पाहतो. 1,200 तासांच्या अभ्यासाचे वर्षाला 40 क्रेडिट, असा त्याचा हिशेब आहे, आणि ती जमा करायला अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स 2021 पासून आहेच. उद्या अकरावीतल्या मुलीने शेजारच्या वरिष्ठ महाविद्यालयात संख्याशास्त्राचा एखादा विषय घ्यायचा ठरवला, तर क्रेडिट कुठे जमा होतील याची सोय कागदावर तयार आहे. तिची फी कोण भरणार आणि कोणाच्या हातून भरणार, हे मात्र कुठेच ठरलेले नाही. ते ठरेल तेव्हा तिच्या कनिष्ठ महाविद्यालयाला मध्ये न घालता रक्कम थेट वरिष्ठ महाविद्यालयाच्या खात्यात, सत्र सुरू होण्याआधी जमा व्हावी. पैसा सगळ्यांना पुरणार नसेल तर कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलांपासून सुरुवात व्हावी, आणि यंदा तिचा नंबर लागला की नाही, हे त्या मुलीला विषय निवडायच्या आधी कळावे.